धुळाजीच्या दाढेतलं गाव

“कोनाचा इस्वास बसायचा न्हाई, पन राजूरच्या गणपतीला चतुर्थीला जेवढं मानूस जमत न्हाई, तेवढं माझ्या एका दाढंत नांदून राह्यलं,” धुळाजी म्हणाला आणि त्यानं मांडी बदलली. पाटावर बसल्यापासूनची ही सातवी मांडी.

समोर व्याही आबाराव गुळाची ढेप फोडत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, “ते नांदू द्या, इवाईबुवा. चिलीम सुटली का तेवढं सांगा.”

“बिलकुल सुटली! आज चाळीस दिस झाले बराबर.”

अंगणातल्या चुलीवर खीर रटरटत होती. आज नातवाचं उष्टावण. बायनाला भाऊ नव्हता, म्हणून पहिल्या घासाचा मामाचा मान तिच्या बापाकडे, धुळाजीकडे आला होता. त्यांच्या घराण्यात हा घास नुसता हातानं भरवत नसत. भरवणाऱ्यानं तो आधी आपल्या तोंडात घोळून मऊ करायचा, मग बोटावर घेऊन लेकराला चाटवायचा. उभा जन्म मेंढरांमागं गेलेल्या धुळाजीला कुणी कधी असा पाटावर बसवला नव्हता. नातवाच्या पोटात पहिलं अन्न जाईल ते आपल्या तोंडचं, या विचारानं त्याला रात्रभर झोप नव्हती.

अडत होतं ते तोंडाशीच. चाळीस दिवसांमागं हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा माहेरी आलेली बायना त्याला बैलगाडीत घालून जालन्याला घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरानं दाढेच्या बुडाचा मळ खरवडून काचेवर घेतला आणि खुर्दबिणीखाली धरला. बायनानं डोळा लावला आणि झटक्यात मागं सरली. नखाएवढ्याही नसलेल्या त्या मळात वळवळच वळवळ! डॉक्टरानं समजावलं की असे जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. पुष्कळ बिचारे गरीब, काही तर कामाचे. पण दिवसभर धूर घेतला की मोकळ्या हवेवर जगणारे ते गरीब कमी होतात, आणि हिरडीच्या फटीत, हवा पोचत नाही तिथं वाढणारे द्वाड माजतात. परतताना बायना लेकराला छातीशी धरून एकच बोलली, “बा, त्या तोंडातला घास माझ्या लेकराला न्हाई. चाळीस दिस चिलीम सोडा, मंग बघू.”

धुळाजीनं सोडली होती. खरोखर सोडली होती. अकरा दिवस.

आज सकाळी लेकीच्या सासरी येतानासुद्धा ओढ्याच्या वळणावर पाय थबकले. धूर गाळून घ्यायचं फडकं, म्हणजे छापी, पाण्यात भिजवली, चिलमीच्या बुडाला गुंडाळली आणि पाच झुरके घेतले, शेवटचे म्हणून. मग कडुलिंबाच्या काडीनं दात घासले, मूठभर ओवा चावला. चिलीम, तमाखूची पिशवी, चकमक, सगळं बाभळीच्या ढोलीत कोंबलं. आता पाटावर बसून तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा मोजत होता: चिलीम, तमाखू, चकमक. सगळं ठेवलं. तरी हात आपोआप कमरेकडं जायचा आणि तो ओढून मांडीखाली दाबायचा.

“काय चावून राह्यलं का पाटाला?” व्याहीण आशाबाई खीर ढवळता ढवळता म्हणाली.

“चावत न्हाई हो, दाढंतलं गाव हललं की मानूस हलतो. ऐका तर!” धुळाजीनं आठवी मांडी घातली. बोलत राहिलं की तल्लफ जरा दबायची. “दाढंच्या वरच्या अंगाला कुणबी ऱ्हातात. मोकळ्या वाऱ्याची मानसं. सकाळी उठून झाडलोट करत्यात. खाली हिरडीच्या भुयारात चोर ऱ्हातात. त्यास्नी वारा लागला की मरगळ येती. मी चिलीम ओढली की वर धूर! कुणबी खोकून खोकून बेजार. एक दिस त्यांनी गाड्या जुपल्या अन् गेले गाव सोडून.”

“गाड्या?” आबारावांचा बत्ता थांबला. “दाढंत बैलगाड्या?”

“खिल्लारी बैल! मी सोता खुर्दबिणीत पाह्यले. इचारा बायनाला.”

बायना सासऱ्यासमोर पदर सावरून बसली होती. मांडीवरचं लेकरू आज्याच्या मिशांकडं हात नाचवत होतं. तिची नजर बापाच्या हातावर होती.

“मंग चोरांचं राज आलं. पहारी घेऊन दातांची मुळं खणाया लागले. खाड खाड! मला झोपंत ऐकू यायचं.”

“अन् चिलीम सोडल्यावर?” आशाबाईनं विचारलं.

“आठ दिस कोनी फिरकलं न्हाई. मंग त्यांनी एक म्हातारा धाडला, वास घ्यायला. तो जिभंच्या शेंड्यावर उभा ऱ्हाऊन नाक वर करून हुंगतो, मला गुदगुल्या! तो जाऊन म्हनला, हवा साफ हाय, चला. परवा शेवटची गाडी आली. घुंगरं वाजली तवा मी जालन्याच्या दवाखान्यातच होतो. डाक्तरानं काचंत पाह्यलं अन् उठून मला सलाम केला.”

आबाराव इतके हसले की गुळाचा खडा हातातून उडाला. “इवाईबुवा, तुमचं तोंड साफ असो नसो, पन रिकामं न्हाई! बायना, दे ग वाटी. खीर निवली.”

बायना क्षणभर घुटमळली. मग तिनं चांदीची वाटी पुढं केली, लेकरू धुळाजीच्या मांडीवर दिलं. त्यानं खिरीचा घास तोंडात घेतला, डोळे मिटले आणि हळूहळू घोळला. बोटावर घ्यायला ओठ उघडले, तर खिरीचा ओघळ हनुवटीवरून थेट लेकराच्या कपाळावर पडायला आला. घाईत त्याचा हात कमरेला गेला, हाताला लागलं ते फडकं त्यानं ओढलं आणि हनुवटीला लावलं.

फडकं ओलं होतं. मधोमध तपकिरी गोल डाग होता, आणि ओव्याच्या वासाला मागं सारून एक जुना ओळखीचा वास अंगणात पसरला.

लेकरानं तोंड वासलं होतं. त्यावर बायनाचा तळहात येऊन पडला. सासऱ्यापुढं आजवर कधी आवाज न काढलेली बायना सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी बोलली, आणि तोंडात घास असल्यामुळं धुळाजीला जन्मात पहिल्यांदा काही रचून सांगता येईना.

“बा, चाळीस दिस चिलीम पेटली न्हाई म्हंता, मंग ही छापी वली कशी?”