चौकातला ओंकार गाडे

चाकणच्या बाजूला सकाळचा उजेड एकदम येत नाही. आधी तो कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांवर येऊन टेकतो आणि तिथे काही वेळ, अजून पुरता जागा न झाल्यासारखा, पांढुरका पडून राहतो. मग कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या ट्रकांच्या ताडपत्र्यांवरून सरकत तो गावाकडे निघतो. रात्रपाळीच्या बसगाड्यांनी उडवलेली धूळ अजून खाली बसलेली नसते. तिच्यातून गाळून आल्यामुळे त्याचा रंग ना सोनेरी राहतो ना तांबूस. घासलेल्या पितळी तांब्याच्या आत डोकावल्यावर दिसावा तसा काहीसा रंग. देवळाचा कळस त्याला आधी सापडतो, मग पिंपळाचा शेंडा. खाली चहाची टपरी, देवळाची पायरी आणि तिच्यावर निजलेले कुत्रे अजून सावलीतच असतात. त्यानंतर चौकातल्या लोखंडी सांगाड्यावर ताणलेल्या फ्लेक्सच्या वरच्या कडेला तो शिवतो आणि, परक्या घरात शिरणाऱ्या पाहुण्यासारखा संकोचत, एकेक ओळ खाली उतरू लागतो.

आधी तीनदा लिहिलेले ‘अभिनंदन’ उजळले. मग ‘गावाचे भूषण, ब्रेकच्या संशोधनाबद्दल पेटंट मिळवणारे थोर संशोधक’. मग ‘ओंकार गाडे’. आणि शेवटी एक चेहरा: किंचित तिरपा, डावीकडून आलेल्या मऊ प्रकाशात न्हालेला, निळ्या शर्टाच्या खांद्यावर गजांची सावली पडलेला. चेहऱ्याखाली शुभेच्छुक म्हणून गाडे भावकीतले इतके चेहरे दाटीवाटीने बसवले होते की तिथपर्यंत उतरायला उजेडाला अजून बराच अवकाश होता.

कंपनीच्या बसची वाट पाहत उभा असलेला ओंकार गाडे मान खाली घालून आपल्या बुटांच्या नाड्या न्याहाळत होता. त्या सुटलेल्या नव्हत्या.

“काय शास्त्रज्ञ!” बसच्या खिडकीतून सोनूचा आवाज आला. सोनू बीडचा, ओंकारच्याच खात्यात कामाला. “राव, तुम्ही बसनं? कंपनीनं विमान धाडलं नाही व्हय?”

“बस सरकून. उगाच काहीतरी,” ओंकार म्हणाला.

“सरकतो की! पण मला एक सांगा, एवढं पेटंट मिळालेला माणूस माझ्या शेजारी उभा राहून ब्रेकच्या भागाची भोकं कशाला मोजतो?”

बसमध्ये हशा पिकला. ओंकारही हसला. त्याचे काम खरोखरच ते होते. ओतून, कातून आलेले ब्रेकचे भाग हातात घ्यायचे, मापे तपासायची, बरोबर असेल तो पुढे सोडायचा, चुकलेला लाल पेटीत टाकायचा. हजारो चुकीचे भाग त्याने डोळ्यांत तेल घालून अडवले होते. चौकातला हा एक मात्र त्याच्या हातून पुढे गेला होता.

ओंकारला एक सवय होती, जी त्याने कुणाला सांगितली नव्हती. लोक आपली नोकरी, शिक्षण, मानसन्मान जगजाहीर मांडून ठेवतात त्या संकेतस्थळावर जाऊन तो स्वतःचेच नाव शोधत असे. ओंकार गाडे पुष्कळ होते. एक सोलापुरात दंतवैद्य होता, एक जळगावला गणित शिकवत होता, एक लग्नांची छायाचित्रे काढत होता आणि स्वतःला ‘क्षणांचा शिल्पकार’ म्हणवीत होता. त्यांच्याकडे पाहताना ओंकारला वाटे, आपले नाव म्हणजे एक लांबलचक चाळ आहे. प्रत्येक खोलीत दिवा आहे, भांड्यांचा आवाज आहे, आणि आपण तेवढे जिन्यात उभे आहोत. त्याच्या स्वतःच्या पानावर फोटोदेखील नव्हता. ‘गुणवत्ता विभाग, चाकण’ एवढे दोन तुकडे, बस.

त्या सगळ्यांत एक ओंकार गाडे जर्मनीत होता. ब्रेक झिजल्याचे चालकाला आधीच कळावे, अशी काही युक्ती त्याने शोधली होती आणि तिचे पेटंट त्याच्या नावावर होते. त्याचे पान ओंकारने इतक्यांदा वाचले होते की त्यातली इंग्रजी वाक्ये त्याला पाठ झाली होती.

खुद्द गावात तीन ओंकार गाडे होते, पण तिथे घोटाळा होत नसे. एक डेअरीवाला, एक विहिरीवरचा आणि हा आबाजींचा नातू. अख्खे गावच गाडे असल्यामुळे माणूस ओळखायचा तो घरावरून. मोबाईलला मात्र घरे माहीत नसतात. लग्नाच्या बोलणीसाठी रावेतची मंडळी घर पाहायला येणार, तेव्हा आपल्या मुलाचे चौकात काहीतरी वजन दिसले पाहिजे, म्हणून चुलतभाऊ भीमराजने ‘ओंकार गाडे ब्रेक’ असे मोबाईलमध्ये घातले आणि जर्मनीचे पेटंट थेट गावात येऊन पडले. मंडळी यायच्या आत फ्लेक्स उभा राहिला.

“भावकीत असं आजवर घडलंच न्हाई,” भीमराज गळ्यातली साखळी सारखी करत म्हणाला होता. “तू लाजतोस म्हणून बोलला न्हाईस, ते आमी समजून घेतो.”

“भीमादादा, पण ते...” ओंकारने तोंड उघडले होते.

“ते खर्चाचं सोड. भाऊ हाय मी तुझा.”

आबाजी काठी टेकत चौकात जाऊन तो फलक पाहून आले होते. “वाचाया येत न्हाई मला, पर फोटू तुझाच हाय,” ते म्हणाले. “गाडी थांबवायची युगत काढलीस म्हनं! आता तुजं लगीन तेवढं थांबवू नगंस म्हंजे झालं.”

त्यानंतर ओंकारने खरे सांगण्याचे अनेक बेत केले. पण आबाजी देवळात ज्याला त्याला धरून ‘बिरेक’ समजावून सांगू लागले. ते पाहिल्यावर प्रत्येक बेत तो उद्यावर ढकली. मला कुणी विचारलेच नाही, असे तो स्वतःला बजावी. फोटो भीमराजने कुठून पैदा केला, देव जाणे, असेही तो म्हणे. भावकीत फोटोंना काय तोटा!

रावेतची हर्षाली त्याने दोनदाच पाहिली होती, आणि दोन्ही वेळा तिच्याशी बोलताना त्याला आपला आवाज अनोळखी वाटला नव्हता, ही त्याच्या आयुष्यातली विरळा गोष्ट होती. दोन्ही घरांची पसंती झाली होती. रविवारी सुपारी फुटायची होती. आणि आज दुपारी, पहिली पाळी सुटल्यावर, तिने त्याला तळेगाव रस्त्यावरच्या एका चहाच्या दुकानात बोलावले होते. ‘एकच गोष्ट विचारायची आहे,’ असा तिचा निरोप होता.

ती स्कूटर लावून आत आली, समोर बसली आणि हेल्मेट शेजारच्या खुर्चीवर अशा अदबीने ठेवले की जणू तिसरा माणूस बसला आहे.

“आज कोणते ओंकार गाडे आलेत?” तिने विचारले. “दात काढणारे, की लग्नाचे फोटो काढणारे?”

ओंकारने कप बशीत ठेवला.

“क्षणांचे शिल्पकार असतील तर मी केस नीट करून येते.”

“तुम्ही... सगळे वाचलेत?”

“अहो, माझं कामच ते आहे. हिंजवडीत बसून दिवसभर लोकांच्या नोकऱ्या खऱ्या की खोट्या, एवढंच बघते मी. नवरा काय न तपासता घेऊ?” ती हसली. “तुमच्या बायोडाटात वडिलांचं नाव संपत आहे. पेटंटवाल्यांचे वडील सुभाष. पहिल्याच दिवशी कळलं.”

“मग घरी...?”

“पप्पांना नाही सांगितलं. ते फ्लेक्ससमोर उभे राहून म्हणाले, गावानं डोक्यावर घेतलेला मुलगा आहे. मी म्हटलं, हो, गाव चांगलंच उत्साही दिसतंय.”

ओंकारला हसू आले आणि त्याच वेळी डोळ्यांच्या मागे काहीतरी दाटून आले.

“आणि त्यांना मी कळवलंसुद्धा,” हर्षाली म्हणाली.

“कुणाला?”

“जर्मनीला. तुमच्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. म्हटलं, तुमचं नाव आहे, तुम्हाला ठाऊक असावं.”

“बाप रे! काय म्हणाले?”

तिने मोबाईल पुढे केला. पलीकडच्या ओंकार गाडेने मराठीत लिहिले होते, ‘ताई, खूप हसलो. माझ्या गावात माझा एकही फ्लेक्स लागलेला नाही. आईला म्हटलं तर म्हणाली, तू कधी येतोस ते सांग आधी. तुमच्या ओंकाररावांना सांगा, राहू द्या. निदान माझं नाव तरी कुठल्या चौकात उन्हात उभं आहे.’

ओंकारने ते पुन्हा पुन्हा वाचले. ज्या खोलीच्या दिव्याकडे तो जिन्यातून इतके दिवस पाहत होता, तिच्या खिडकीशी कुणीतरी असे बाहेर बघत उभे असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

“आता माझा प्रश्न,” हर्षाली म्हणाली. तिच्या आवाजातली थट्टा गेली नव्हती, फक्त जरा बाजूला सरकून बसली होती. “पेटंट नाही, याचं मला काही नाही. भागांची भोकं मोजणारा नवरा मला चालतो. पण खरं उत्तर मिळालं तर रविवारी सुपारी. नाहीतर पप्पांना सांगेन, मुलगा फारच थोर निघाला, आपल्याला झेपणार नाही. फोटो कुणी दिला?”

“भीमादादाला कुठेतरी मिळाला असेल. भावकीत कितीतरी लग्नं...”

“लग्नातला नाही तो. मांडव नाही, हार नाही, शेजारी कुणाची मावशी नाही.” तिने मोबाईलवर तो चेहरा मोठा केला. “सकाळ आहे. उजेड डावीकडून येतोय, खांद्यावर खिडकीच्या गजांची सावली आहे. आणि समोर माणूस असता तर तुम्ही असं बघितलंच नसतं. मी तुम्हाला ओळखते ना आता थोडी. मान खाली गेली असती.”

ओंकारने मान वर ठेवायचा प्रयत्न केला.

“मोबाईल कशाला टेकवला होता?” तिने हळूच विचारले.

“पाण्याच्या तांब्याला,” तो म्हणाला.

बाहेरून कांद्याचा एक ट्रक गेला आणि दुकानातले सगळे कप बारीक किणकिणले. हर्षालीने त्याची बशी त्याच्याकडे थोडी सरकवली आणि थांबली.

तो फोटो त्याने एका सकाळी आपल्या खोलीत, दार लावून, निळा शर्ट घालून काढला होता. एकदा तरी आपण कसे दिसतो ते पाहावे, म्हणून. तो कुणी पाहिला नव्हता. भीमराजचा निरोप आला होता तो एवढाच: ‘भावा, पेटंटचं बोलला न्हाईस! फ्लेक्स टाकतोय, एक झकास फोटो धाड.’ निरोप वाचून, पेटंट आपले नाही हे पक्के माहीत असताना, ओंकारने तो फोटो स्वतःच्या हाताने पाठवला होता.

“मीच दिला,” तो म्हणाला.