शंकेला कोड नाही

प्रश्नचिन्ह बारीक होतं, डॉक्टरांनी पेन उचलता उचलता काढल्यासारखं — 'पोटातलं आम्ल घशापर्यंत येतंय?' — आणि तिला ते दिसलंच नव्हतं, हॉस्पिटलच्या नोंदींसाठी संगणकात रोगाचा कोड टाकून ती पुढच्या केसपेपरकडे वळलीसुद्धा होती, तेवढ्यात मागून तिचं काम तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "अगं, डॉक्टरांना शंका आहे ना? मग रोग नाही लिहायचा. लक्षणांचे कोड टाक आणि गप्प बस."

तिने कोड काढून टाकला. लक्षणं पुन्हा वाचली. आवाज बसतो. छातीत जळजळ नाही. सारखं खाकरणं, जेवणानंतर जास्त...

जेवणानंतर जास्त. घरीही सासऱ्यांचं ताट सरकलं की खाकरणं सुरू व्हायचं — ती पाणी आणून ठेवायची तेव्हा, फोनवर आईशी हसायची तेव्हा, आणि उशिरा येऊन दारात चपला काढायची तेव्हा तर हमखास. ही काय यायची वेळ झाली? लग्न झाल्यापासून त्यांच्या नुसत्या खाकरण्यातून तिने अशी अख्खी वाक्यं ऐकली होती, नवऱ्याला ऐकवली होती. शेवटी त्यानेच दोघांसाठी वेगळी जागा शोधली. आज संध्याकाळी घरमालकाला होकार कळवायचा होता. "तू म्हणशील तसं," सकाळी तो म्हणाला होता, बुटाची नाडी बांधत, तिच्याकडे न बघता.

पण ते तोंडाने कधी काही बोलले? आठव बाई. भाजी खारट झाली तेव्हाही मुकाट्याने जेवले. खाकरले, एवढं खरं... खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खवखव त्यांच्या घशात आणि चरफडते मी. तिला राग आला — सासऱ्यांचा नव्हे, त्या बारीक प्रश्नचिन्हाचा. इतकी वर्षं सांभाळलेलं दुखणं असं कुणी हातातून काढून घेतं का? आणि नसेलही आम्ल. नापसंतीच असेल. तीही शंकाच.

संध्याकाळी दारात तिने एक चप्पल काढली. आत सासरे खाकरले. सवयीने ती वाक्याची वाट बघत राहिली... वाक्य आलं नाही. नुसता एका म्हाताऱ्या माणसाचा घसा, कोरडा, दमलेला.

"काय कळवू घरमालकांना?" नवरा फोन हातात घेऊन समोर उभा होता.

"थांब जरा," ती म्हणाली, आणि दुसरी चप्पल पायात तशीच ठेवून ऐकत राहिली.