सात नंबरचा रिपोर्ट

“‘अंडर द वेदर’ म्हणजे?” लेकीने विचारलं.

“बरं नसणे,” गणवेशाची बटणं लावता लावता मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

“‘डेज आर नंबर्ड’?”

“दिवस भरत आले. आता पुरे कर बाई, ड्यूटीला उशीर होतोय.”

वॉर्डात सगळे त्यांना मोठ्या सिस्टरच म्हणत. एखाद्याची शीर सापडेना की डॉक्टरसुद्धा त्यांनाच हाक मारत. पण नव्या मेट्रनबाईंनी फर्मान काढलं: ड्यूटी बदलताना प्रत्येक खाटेशी उभं राहून रिपोर्ट द्यायचा आणि तोही इंग्रजीत! पहिल्याच दिवशी मोठ्या सिस्टरांची बोबडी वळली. लेकीच्या वयाच्या नर्सेस खाली बघून हसल्या. सिस्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून कपडे वाळत घालताना, भांडी घासताना, लेकीकडून त्यांची घोकंपट्टी सुरू होती.

सात नंबरला एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या बायकोने सिस्टरांना जिन्यात गाठलं होतं. “डॉक्टर काय म्हणाले ते यांना कळू देऊ नका हो. घरी जायच्या आशेवरच चार घास पोटात जातायत.”

“माझ्या तोंडून? अहो, शक्य तरी आहे का!” सिस्टर म्हणाल्या होत्या.

त्या दुपारी रिपोर्टला मेट्रनबाई जातीने हजर होत्या. सात नंबरच्या पायथ्याशी उभं राहून सिस्टरांनी ताप, नाडी, रक्तदाब सगळं घडाघडा सांगितलं, आणि शेवटी जोरात म्हणाल्या, “हिज डेज आर नंबर्ड.”

“अरे वा! सुधारलात की,” मेट्रनबाई म्हणाल्या.

सिस्टर अशा खुलल्या, की खाटेवरच्या माणसाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. पेशंटला काय कळतंय इंग्रजी? जे त्याने ऐकू नये ते सगळे इंग्रजीतच तर बोलत आले होते.

घरी निघण्याआधी राहिलेल्या गोळ्या द्यायला गेल्या तेव्हा म्हातारबुवा जागेच होते.

“फार दिवस नाहीत म्हणायचे, सिस्टर.”

सिस्टरांच्या हातातली गोळी खाली पडली.

“मी वेटर होतो. मोठ्या हॉटेलात, जन्मभर. साहेब लोक टेबलावर काय वाट्टेल ते बोलायचे. म्हणायचे, वेटरला काय कळतंय!”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माझं चुकलं हो,” सिस्टर कशाबशा म्हणाल्या. कशासाठी बोललो आपण? तर त्या चार पोरींसमोर नाक वर राहावं म्हणून. स्वतःचीच त्यांना किळस आली.

“खोटं थोडंच बोललात? फक्त मला कळलंय हे हिला सांगू नका. रोज माझ्यासमोर हसून दाखवते बिचारी. हसू दे.”

तेवढ्यात बायको आलीच. “बाई गं! आज चेहरा कसा टवटवीत दिसतोय!”

“मग! घरी गेलो की आधी दार रंगवणार आहे,” म्हातारबुवा म्हणाले. “निळा रंग आणून ठेव.”

सिस्टर वळल्या. बायको मागोमाग बाहेर आली आणि तिने त्यांचे दोन्ही हात धरले.

“सिस्टर, तुम्ही होतात म्हणून हो. दुसरं कोणी असतं तर केव्हाच बोलून गेलं असतं.”

हात सोडवून घ्यावेत असं सिस्टरांना फार वाटलं. पण म्हातारबुवा आतून इकडेच बघत होते. सिस्टरांनी मान हलवली आणि हसून दाखवलं.