स्टेशन पाच मिनिटांवर

मी पाटी बोलतेय. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला तारेने बांधलेली. शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, माझ्या अंगावरचे सोडून.

जन्माने मी एका मोडक्या कपाटाचं दार. घरमालकांनी मला कापलं आणि रंगाऱ्यापुढे धरलं: ‘लिही. घर भाड्याने देणे आहे. स्टेशन पाच मिनिटांवर.’

‘पाच नक्की ना?’ रंगाऱ्याने विचारलं.

‘अरे, मी स्वतः मोजलीत!’

मोजली होती, खरंच. बत्तीस वर्षांपूर्वी, सुटत्या गाडीमागे जीव खाऊन पळताना, मधल्या बोळातून. पुढे बोळात भिंत आली, मालकांना पोट आलं. पाच मात्र पाचच राहिली.

माझ्या देखत वीस भाडेकरू आले आणि गेले. बरं, सात. पण चढ-उतर माझीच! मला उतरवायचं, दोन महिन्यांनी पुन्हा टांगायचं. भोकांची पार चाळण झाली. जाणारा प्रत्येक जण माझ्याकडे असा बघायचा, जसं काही मीच त्याला हाका मारून बोलावलं होतं. कुणी तक्रार केली की मालक म्हणायचे, ‘ते चालणाऱ्यावर आहे.’ अहो, चालणाऱ्यावर आहे तर माझ्यावर का लिहिलंत?

मग एका दुपारी एक नर्स आली. सोबत तिचे वडील, निवृत्त घड्याळजी.

‘काका, खरं सांगा,’ ती म्हणाली. ‘आत्ताचं घरही पाचच मिनिटांवर होतं म्हणे. त्यापायी दोनदा पहाटेची गाडी चुकली. तिसऱ्यांदा उशीर झाला तर कामावरून काढणार आहेत मला.’

‘पोरी, पाच म्हणजे पाच!’

‘मग चला बरोबर. बाबा वेळ लावतील. आणि ही साक्षीला,’ म्हणत तिने मला सोडवून काखेत मारलं.

पहिल्याच वळणावर मालक बुटाची नाडी बांधायला थांबले. पायात चपला होत्या. बोळाशी पोचलो तर समोर भिंत. मालक तिच्याकडे बघतच राहिले. ‘ही कधी झाली?’

‘शेवटचे कधी आला होतात इकडे?’ घड्याळजींनी विचारलं. ‘गाडीमागे पळायचो तेव्हा,’ मालक पुटपुटले. मग भाजीच्या गाड्यांमधून, पुलावरून, वळसा घालून आम्ही स्टेशनला पोचलो. मालक पायरीवर मटकन बसले.

‘एकोणीस,’ घड्याळजी म्हणाले.

‘तुमचं घड्याळ पळतंय.’

‘चाळीस वर्षं लोकांची पळणारी घड्याळं ताळ्यावर आणली, आणि माझं पळेल? पळायचात ते तुम्ही, मालक. एके काळी.’

घरी आल्यावर रंगाचा डबा शोधून मालकांनी ‘पाच’वर फुली मारली आणि शेजारी लिहिलं: एकोणीस.

‘घेते घर,’ नर्स म्हणाली. ‘दोन म्हाताऱ्यांच्या चालीने एकोणीस, म्हणजे मला उरतीलच. काका, एकोणीस चालतील. पाच परवडत नव्हती.’

आता मी गॅलरीत नसते. दाराशी, चपलांच्या फळीवर उभी असते. पहाटे ती माझ्याकडे एक नजर टाकते आणि निघते. अजून एकदाही गाडी चुकलेली नाही. तेव्हा बाबांनो, माझ्या बहिणी गावभर टांगलेल्या आहेत. त्यांना शिव्या देऊ नका. आधी चालून बघा.

आता शपथेचं. साक्षीला मी गेलेच नव्हते. गॅलरीतच लटकत होते. तिघं ताठ जाताना दिसली. परत येताना मालकांचा हात घड्याळजींच्या खांद्यावर होता. ती नाडी, ती पायरी, तिथलं बोलणं, सगळं माझं. एकोणीस मात्र माझी नाहीत. ती मालकांनी स्वतःच्या हाताने लिहिली, धापा टाकत. अक्षरं बघा, अजून थरथरतायत.