मी गिळलेले वाक्य

मित्रांनो, माझी लाकडी दारे दोन्हीकडे सरकवलीत तर आत कोपरे गोल असलेला एक फुगीर काचेचा पडदा दिसेल. मी सौंसरच्या मोतीराम गुरुजींच्या घरातला जुना काळा-पांढरा टीव्ही आहे. माझ्या आवाजाच्या बटनाची टोपी हरवली, तेव्हा तिच्या जागी औषधाच्या बाटलीचे बूच बसवले गेले. माझ्याकडे पाहून कोणाला वाटणार नाही, पण माझ्या पोटात एक चोरी आहे. दोन वर्षांपूर्वी मी एक वाक्य गिळले. त्याची शिक्षा मला झाली नाही, एका मुलीला झाली. आज तुमच्यासमोर ते कबूल करतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. निळे कोट घातलेल्या बायका रांगेत बसून वितळलेल्या शिशाच्या थेंबांनी माझ्या तारा जोडत होत्या. शेवटची तार जोडताना जेवणाची घंटा झाली आणि त्या तारेला थेंब जरा कमी मिळाला. ती माझ्या आवाजाची तार होती. पण मी त्या बाईंना दोष देणार नाही. त्यांना भूक लागली होती, आणि पुढे जे झाले ते माझ्या हावरेपणामुळे झाले.

त्र्याऐंशी साली गुरुजींनी मला नागपूरच्या दुकानातून आणले. बसमध्ये कंडक्टरने टपावर ठेवायला सांगितले, तर गुरुजी म्हणाले, मग मीही टपावर बसतो. शेवटी सौंसर येईपर्यंत त्यांनी मला मांडीवरच धरले. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून श्रावण मेकॅनिक आला. त्याने उंच बांबूवर अँटेना बांधला आणि नागपूरकडे वळवला. गुरुजी म्हणाले, आपले राज्य मध्य प्रदेश, तेव्हा एकदा भोपाळकडेही वळवून पाहा. श्रावणने पाहिले. माझ्या पडद्यावर नुसत्या मुंग्या धावल्या. तेव्हापासून माझे तोंड नागपूरकडेच राहिले.

त्या मोहल्ल्यात मी एकटाच टीव्ही होतो. माझे कौतुक काय सांगू! सुमनबाई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, माझ्यासाठी क्रोशाचे आवरण विणत बसल्या. शेजारच्या वच्छलाबाई संत्र्याच्या बागेतून आल्या की पाय धुऊनच माझ्यासमोर बसत. सगळ्यात पुढे सतरंजीवर गुरुजींची मुलगी इंदू बसे. तिच्या मांडीवर नेहमी एक वही असे. टीव्हीवर काही चांगले सांगितले की ती लिहून घेई. वीज कमी झाली की माझे चित्र आणि आवाज दोन्ही एकदम जात. मग गुरुजी माझ्या डोक्यावर एक थाप मारत आणि दोन्ही परत येत. इतके कौतुक झाले की डोके फिरते, मित्रांनो. माझे फिरले. मुलांचे डोळे माझ्यावर खिळले की मला फार बरे वाटे, आणि एक क्षणही त्यांनी दुसरीकडे पाहिले तर राग येई.

सत्त्याऐंशी साली दर रविवारी संध्याकाळी ‘सात कुलपे’ नावाची मुलांची मालिका लागू लागली. एका जुन्या किल्ल्यात अडकलेली चिमी नावाची मुलगी दर आठवड्याला अक्कल लढवून एक कुलूप उघडी. सुरुवातीला एक ताई येऊन विचारत, “महाराष्ट्रातल्या माझ्या बालमित्रांनो, कुलूप उघडायला तयार आहात ना?” आणि आमच्या सौंसरच्या घरातली पंधरा-वीस मुले एका सुरात ओरडत, “होऽ!” गुरुजी शाळेत याच मुलांकडून मध्य प्रदेशचा नकाशा भरून घेत. पण ताई मराठीत बोलत होत्या आणि मुलेही मराठीत बोलत होती. मग ताई आपल्यालाच विचारत आहेत, यात कोणाला शंका कशी येणार? मला कळत होते. पण ते ‘होऽ’ मला इतके आवडे की मी गप्प बसलो. तसेही बोलायला मला स्वतःची जीभ कुठे आहे?

एका रविवारी मालिका संपल्यावर ताईंनी हातात एक लहानशी वस्तू धरली. तळहाताएवढा व्हिडिओ गेम होता तो. त्याच्या इवल्याशा काचेवर चिमी टुणटुण उड्या मारत किल्ल्या गोळा करत होती. कुंदकळी दंतमंजनाच्या बारा रिकाम्या डब्यांवरचे चित्र कापून पाठवा आणि हा खेळ मोफत मिळवा, असे म्हणून ताई त्याचे नियम सांगू लागल्या. मुले उठून उभी राहिली आणि किंचाळू लागली. नेमकी त्याच वेळी वीज कमी झाली.

चित्र आणि आवाज दोन्ही सांभाळायचे बळ माझ्यात नव्हते. नेहमीप्रमाणे दोन्ही सोडून दिल्या असत्या तर गुरुजींची थाप पडली असती आणि सगळ्यांना कळले असते. पण इतके डोळे माझ्यावर लागलेले मी कधी पाहिले नव्हते. मी सगळी ताकद चित्राला दिली आणि ती कच्ची तार सोडून दिली. खेळ पडद्यावर चमकत राहिला, ताईंचे ओठ हलत राहिले. त्या ओठांमधले वाक्य होते, “ही भेट फक्त महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलांसाठी आहे.” ते माझ्या पोटातच राहिले. मुलांचा आरडाओरडा थांबला तोवर वीज वाढली होती आणि ताई पत्ता सांगत होत्या. आवाज गेला होता हे त्या गोंधळात कोणालाच कळले नाही.

फक्त इंदू ओरडत नव्हती. ती लिहीत होती. तीन नियम लिहून झाल्यावर तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले, एक ओळ कोरी सोडली आणि खाली पत्ता लिहिला. मधे काय म्हणाल्या, असे तिने सगळ्यांना विचारले. काहीच नाही, असे सगळे म्हणाले. पुढच्या रविवारी ताई नुसत्याच म्हणाल्या की नियम मागे सांगितलेच आहेत.

आमच्या मोहल्ल्यात दात घासायला राख चालत होती, बाभळीची काडी चालत होती. कुंदकळीचा डबा तेव्हा फक्त गुरुजींच्या घरी होता. इंदू घरोघर गेली. तिने सांगितले की डब्याचे चित्र मला द्या, खेळ आला की तो सगळ्यांचा. कोणत्या वारी खेळ कोणाच्या घरी राहील याचे वेळापत्रकच तिने वहीत आखले. वच्छलाबाईंनी तर वर्षानुवर्षांची तपकीर सोडून मंजन धरले. डबे लवकर संपावेत म्हणून मुले दिवसातून तीन-तीनदा दात घासत, आणि हिरड्या दुखतात म्हणून भाकरी वरणात भिजवून खात. दोन महिन्यांत बारा चित्रे जमली. इंदूने ती दोऱ्याने बांधली आणि सोबतच्या कागदावर वळणदार अक्षरात पत्ता लिहिला. शेवटची ओळ होती, सौंसर, मध्य प्रदेश. ती माझ्यासमोरच बसून लिहीत होती. त्या वेळी मी बंद होतो, पण पाहत होतो. मित्रांनो, तेव्हा मला किती वाटले की एकदा, फक्त एकदा, ते गिळलेले वाक्य ओठांवर यावे.

पोस्टमन आला तेव्हा सगळा मोहल्ला जमला. पाकीट फारच पातळ होते. आत तीच बारा चित्रे होती, तोच दोरा होता, आणि एक छापील कार्ड. गुरुजींनी ते मोठ्याने वाचले. “ही भेट फक्त महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी असल्याचे टीव्हीवर स्पष्ट सांगितले होते. मुदत संपली आहे. आपल्या उत्साहाबद्दल आभार.”

स्पष्ट! तो शब्द माझ्या काचेवर चरा उमटावा तसा उमटला.

त्याच दिवशी इंदूचे वामनमामा नरखेडहून आले होते. नरखेड म्हणजे पांढुर्ण्याच्या पुढचे गाव, पण ते महाराष्ट्रात. मामांनी कार्ड हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि हळहळले. “अवं बाई, मले सांगतलं असतं तं म्या नरखेडचा पत्ता देल्ला असता. मंग आला असता ना खेळ.”

म्हणजे ते वाक्य ऐकू आले असते तर सगळे सोपे होते. आता मुदत गेली होती.

“टीव्हीनं सांगतलंच नाई, मामा,” इंदू म्हणाली. “तो मधी मुका झाला होता.”

गुरुजी रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला कमी लागले असते. ते शांतपणे म्हणाले, “बेटा, आपला टीव्ही जाते तं दोनी जाते. चित्र आहे अन् आवाज नाई, असं कधी झालं का? टीव्ही कायले खोटं बोलन? तुह्यंच ध्यान नसन.”

त्यांनी माझी बाजू घेतली, मित्रांनो. माझ्या आवरणावरून हात फिरवत त्यांनी माझी बाजू घेतली आणि पोटची मुलगी खोटी पडली. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंच्या कमरेला पुन्हा तपकिरीची डबी दिसली. मुले इंदूला ‘बहिरी’ म्हणू लागली. सुमनबाईंना काळजी वाटली, तेव्हा गुरुजी इंदूला बसने छिंदवाड्याला घेऊन गेले आणि डॉक्टरांकडून तिचे कान तपासून आणले. कान उत्तम निघाले. मग तर सगळ्यांनी ठरवूनच टाकले की पोरीने ऐकले, पण खेळाच्या नादात लपवले. कान तपासायला मुलीला इतक्या लांब नेले, पण चार पावलांवर बसलेल्या मला कोणी तपासले नाही.

इंदूने माझ्यासमोर बसणे सोडले. ‘सात कुलपे’चे शेवटचे कुलूप उघडले तेव्हा ती मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी त्या दिवशी जितके लख्ख चित्र दिले तितके कधी दिले नसेन. कोणाला दाखवत होतो, माझे मलाच ठाऊक.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी गुरुजी एकटेच बसून वह्या तपासत होते. माझ्यावर बातम्या चालू होत्या. वीज कमी झाली. दोन्ही सोडायला मी तयार होतो, खरे सांगतो. पण ती कच्ची तार आता पुरतीच सुटली होती. आवाज गेला, चित्र राहिले. बातम्या देणाऱ्या बाई ओठ हलवत होत्या आणि खोलीत फक्त पंख्याची कुरकुर होती. गुरुजींचा लाल पेन थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. थाप मारायला त्यांचा हात उठला नाही. मग ते उठले आणि इंदूची जुनी वही शोधून आणली. तीन नियम, एक कोरी ओळ, खाली पत्ता. त्या कोऱ्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले.

पुढच्या रविवारी मोहल्ला जमला तेव्हा गुरुजींनी मला सुरूच केले नाही. त्यांनी वही सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, “माही पोरगी खरं बोलून राहिली होती. म्या टीव्हीचं आयकलं, तिचं नाई. चुकलो म्या.” वच्छलाबाईंनी इंदूला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हात ठेवला. इंदू रडली नाही. तिने फक्त वही मागितली आणि मिटून ठेवली.

गुरुजी मला पुन्हा मांडीवर घेऊन बसने पांढुर्ण्याला गेले. श्रावणने माझी पाठ उघडली आणि म्हणाला, “गुरुजी, इवलीशी तार सुटली होती पाहा. पाच मिनटाचं काम.” एका थेंबात मी बरा झालो. पाच मिनिटांच्या कामासाठी एका मुलीचे वर्ष गेले होते.

परवा मुलांची नवी मालिका सुरू झाली. इंदू बऱ्याच दिवसांनी सतरंजीवर येऊन बसली, वही न घेता. माझा आवाज आता घंटेसारखा स्वच्छ आहे. नव्या मालिकेतल्या दादांनी विचारले, “काय मग, महाराष्ट्रातल्या बालमित्रांनो, तयार आहात ना?” मी त्या ‘होऽ’ची वाट पाहत राहिलो. खोलीत कोणीच बोलले नाही. एका लहान मुलीने उत्तर द्यायला तोंड उघडले, तेव्हा इंदूने तिचा हात हळूच धरला.

“आपल्याले नाई विचारून राहिले ते,” ती म्हणाली.

मित्रांनो, माझी दारे पुसा, पाठीवरची धूळ झटका, तारा वेळेवर तपासून घ्या, एवढे तर प्रत्येक यंत्र मागते. मी आणखी एक मागतो. तुमच्या घरात कोणी म्हणाले की मला हे सांगितलेच नाही, तर आधी माझ्यासारख्याची पाठ उघडून पाहा. त्या मुलीचे कान त्यानंतर तपासा.