क्लचवरचा ठोकळा

इतिहास जसा होता तसाच पुढच्या पिढीच्या हाती सोपवणं हे प्रत्येक सुजाण माणसाचं आद्य कर्तव्य आहे. हे वाक्य माझं स्वतःचं. मी ते पाटीवर सुबक अक्षरांत रंगवून घेतलं आणि गॅरेजच्या भिंतीवर लावलं. नेमकी तिथेच भिंतीला ओल आली होती आणि पाटीने ती बरोबर झाकली जात होती.

इतिहास तेव्हा गॅरेजमध्ये विटांच्या चार थप्प्यांवर उभा होता. एक जुना लष्करी ट्रक, आणि त्याच्या मागे जोडायचा पाण्याच्या टाकीचा दोन चाकांचा ट्रेलर. लष्कराने दोन्ही मोडीत काढले, मग कुणा कंत्राटदाराने पिळून घेतले आणि शेवटी ते लिलावात आले. लिलावाच्या यादीत ट्रकचा नंबर वाचला आणि मी चष्मा पुसून तो परत वाचला. आमच्या घरात तो नंबर सगळ्यांना पाठ आहे. माझे सासरे लष्करात ड्रायव्हर होते आणि त्यातली नऊ वर्षं त्यांनी हीच जोडी चालवली. आज त्यांचं वय शहाऐंशी. सकाळी दात घासले की नाही ते आठवत नाही, पण गाडीचा नंबर विचारा, खुर्चीतल्या खुर्चीत ताठ होऊन धडाधड म्हणून दाखवतात.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांची वजनं तपासायची, मोजपट्ट्या मोजायच्या. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" मी सविस्तर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'चं ओझं मी चाळीस वर्षं वाहतो आहे. ट्रक घेतला तो त्यापायी. त्यांनी आपली गाडी एकदा पुन्हा बघावी आणि 'शाब्बास, जावईबापू' म्हणावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

बायको म्हणाली, "आधी बाबांना सांगा तरी."

"अगं, सरप्राईज आहे ते."

"त्यांना दुपारचं जेवणसुद्धा सरप्राईज असतं. गाडीत काय काय होतं, कसं होतं, विचारून घ्या. अजून सांगतायत तोवर."

"विचारायचं काय त्यात? पुस्तक आहे ना!"

पुस्तक म्हणजे कारखान्याने छापलेली सुट्या भागांची मूळ पुस्तिका. प्रत्येक नट, प्रत्येक वायसर, सगळ्याचं चित्र आणि त्याखाली माप. बायकोचं म्हणणं, लग्नाचा अल्बम मी इतक्या प्रेमाने कधी उघडला नाही. खरं आहे. अल्बममध्ये कुणाचीच मापं दिलेली नाहीत.

कामाला मी एक म्हातारा फिटर धरला. त्याला सगळे 'असूदे' म्हणत, कारण कुठलीही जुनी वस्तू काढायची म्हटली की त्याच्या तोंडून पहिला शब्द तोच निघे. हात सोन्याचा. गंजून एकजीव झालेला बोल्ट तो असा चुचकारून सोडवायचा की बोल्टलाही बरं वाटावं. पण शिस्त नावाची गोष्ट नाही.

टाकीच्या मागच्या कोपऱ्यात परातीएवढा पोचा होता. मी म्हटलं, "हा भरून काढायचा."

"असू दे की, साहेब. गळत नाही, काही नाही. कुणीतरी कधीतरी ठोकली असणार. गाडी आहे, ठोकायचीच."

"पुस्तकात पोचा आहे का?"

"पुस्तक छापलं तेव्हा गाडी चालली कुठे होती?"

मी दुर्लक्ष केलं. पोचा भरून, घासून गुळगुळीत करायला चार दिवस लागले. शेवटी त्यावरून हात फिरवला, तर कुठे काही होतं याची शंकासुद्धा येईना. मी स्वतःवरच खूश झालो.

मग ठोकळा. क्लचच्या पेडलवर दोन बोल्ट मारून लाकडाचा एक जाड ठोकळा बसवलेला होता. असूदेने तो सोडवला, पालथा केला, परत सुलटा केला आणि माझ्यापुढे धरला.

"बघा, बुटाने कसा झिजलाय. मधे खळगा पडलाय. वर्षानुवर्षं एकाच माणसाचा पाय आहे हा. असू दे, साहेब."

"पुस्तकात नाही."

"कुणीतरी मुद्दाम बसवलाय. काहीतरी कारण असणार."

"असूदे, मी तीस वर्षं काट्याखाली चिकटवलेल्या चकत्या आणि वजनाखाली लावलेलं मेण पकडलंय. मुद्दाम बसवलेल्या गोष्टींची कारणं मला सांगू नकोस."

नाराज झाला की तो पाना पुसत बसे, आणि त्या दिवशी तो एकच पाना अर्धा तास पुसत होता.

त्या वर्षी थंडी जरा जास्तच होती. रंग घट्ट झाला होता, फवाऱ्यातून येईना. मी पाण्याचं घमेलं शेगडीवर ठेवलं आणि त्यात रंगाचा डबा कोमट करायला ठेवला. लाकूड कमी पडलं. ठोकळा हाताशीच होता. सुकं, जुनं लाकूड, छान पेटलं. रंग असा लागला की काय सांगू! पुस्तकातली छटा तंतोतंत.

या सगळ्याला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत दर रविवारी मी सासऱ्यांकडे जात होतो. शेजारी बसून चहा पीत होतो, हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. नखांतला हिरवा रंग दिसू नये म्हणून हात खिशात ठेवत होतो. एका रविवारी ते आपणहून म्हणाले, "माझ्या गाडीत एक गंमत होती," आणि मी घाईघाईने विषय बदलला. सरप्राईज फुटलं असतं.

अखेर ट्रक आणि ट्रेलर जोडून अंगणात उन्हात उभे केले. बायको आपल्या वडिलांना हाताला धरून घेऊन आली. सासरे उंचीने बेताचे. लष्करात घेतलं कसं, असं विचारलं की म्हणायचे, "भरतीच्या वेळी मी टाचा उचलल्या आणि मोजणाऱ्याने मान वर केली." आता ते आणखी आटले होते. काठी टेकत ते पुढून मागे गेले आणि टाकीच्या त्या कोपऱ्याशी थांबले. हाताने चाचपू लागले. आंधळा माणूस भिंतीवर दिव्याचं बटण शोधतो, तसे.

"काय शोधताय, बाबा?" बायकोने विचारलं.

"पोचा. इथे पोचा होता." मग तिच्याकडे बघून ते हसले. "तू झालीस ना, त्याची तार मला पाणी वाटताना आली. तार वाचतच गाडीत बसलो आणि मागे घेताना टाकी झाडाला घातली. सात दिवस शिक्षा झाली. साहेब म्हणाले, ठोकून सरळ करून घे. म्हटलं, शिक्षा वाढवा हवी तर, पोचा राहू दे. मुलगी झालीय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त त्या कोपऱ्यावरून हात फिरवला, आणि तो कोपरा अतिशय गुळगुळीत होता.

"छान गाडी आहे," सासरे म्हणाले. "माझी नाही, पण छान आहे."

"तुमचीच आहे, बाबा!" मी धावत पुढे गेलो आणि चासीवर ठोकलेला नंबर दाखवला. त्यांनी तो बोटाने एकेक आकडा करत वाचला. "नंबर बरोबर आहे," म्हणाले. "बसवा बघू मला."

असूदेने आणि मी त्यांना दोन्हीकडून उचलून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. काठी त्यांनी स्वतःच खाली टाकली. हात स्टिअरिंगवर अचूक गेले, उजवा पायही टेकला. डावा पाय पुढे गेला आणि हवेतच राहिला. क्लच चार बोटं लांब होता. त्यांनी कंबर पुढे सरकवली, बुटाचं टोक ताणलं, पुन्हा ताणलं. मी तीस वर्षं जगाची मापं काढली आणि सासऱ्यांच्या पायाचं माप घ्यायचं राहून गेलं.

"बघा," ते अगदी शांतपणे म्हणाले. "म्हणून म्हटलं, माझी नाही. माझ्या गाडीत ठोकळा होता. मीच बसवला होता, दारूगोळ्याच्या पेटीचं लाकूड तासून. कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर गाडी काढून घेतली असती आणि मला भांडी घासायला बसवलं असतं."

"पण नंबर..."

"नंबर सरकारचा, जावईबापू. ठोकळा माझा."

असूदे जमिनीकडे बघत होता. खिशातून पाना काढून तो पुसू लागला.

मी म्हटलं, "होता, बाबा. ठोकळा होता. मी काढला."

"मग आणा की."

"जाळला."

स्टिअरिंगवरचे हात तसेच राहिले. "कशाला?"

"रंग गरम करायला."

त्यांनी दरवाजाच्या रंगाकडे पाहिलं, बोनेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलतील, चार शिव्या घालतील, अशी मला आशा होती. असूदेच मधे पडला. "आजोबा, दुसरा करून देतो की. तासाभराचं काम."

"आणि खळगा?" सासऱ्यांनी विचारलं. "तो नऊ वर्षांचा आहे."

त्यांचा डावा पाय अजून हवेतच होता, हळूहळू झोके घेत. मग त्यांनी तो मागे घेतला, स्टिअरिंग सोडलं आणि सीटवर टेकून बसले.

"बरं," ते म्हणाले.

चाळीस वर्षांपूर्वीचंच, तंतोतंत त्याच वजनाचं. मी खाली मान घालून उभा राहिलो.

"ऐकताय ना?" ते म्हणाले. "आता मला खाली घ्या. आणि रंग ओला नाही ना कुठे, ते आधी बघा. विजार आजच बदललीय."