बिस्किटचा कप्पा

तापमान मोजणारा सेन्सर सापाच्या टबात ठेवू नकोस, तापणाऱ्या पट्टीलाच चिकटव, असं ऑर्विलने मला दोनदा सांगितलं होतं. जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये महिन्यातून एका शनिवारी सापांचा बाजार भरतो, तिथे त्याचं टेबल असतं. चाळीस वर्षं साप पाळणारा म्हातारा, माझ्या भावाच्याही ओळखीचा. माझ्या लेकीला, हेझलला, छातीशी बांधून मी त्याच्यासमोर उभी होते, सापांचे टब सरकवायच्या कप्प्यांच्या रॅकचं चित्र वहीत काढून नेलं होतं.

"टबात साप असतो, पोरी," तो म्हणाला. "साप वळवळतो, माणूस टब ओढतो. पट्टी आपली जागा सोडत नाही."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, साप बसतो तिथलं तापमान महत्त्वाचं, पट्टीचं कशाला? मी जीवशास्त्राची पदवीधर, आणि याने शाळाही अर्धवट सोडलेली असणार. हेही मनात आलं, खोटं कशाला सांगू.

साप माझे नव्हते. माझा धाकटा भाऊ ड्वेन दारू सोडायला तीन महिन्यांसाठी केंद्रात गेला, तेव्हा त्याचे तीन साप माझ्या तळघरात आले. दोन सडपातळ, नारिंगी. तिसरी बिस्किट, अकरा वर्षांची अजगर मादी, मनगटापेक्षा जाड आणि कमालीची भित्री. हात लावला की गोळा होऊन डोकं आत घालायची. ड्वेनची बायको गेली, नोकरी गेली, बिस्किट राहिली. मी तिला सांभाळेन या एकाच अटीवर तो केंद्रात जायला तयार झाला. आणि त्याला सोडायला जाताना मी गाडीत काय बोलले, तर तुझ्यासारख्याच्या हाती जिवंत जीव द्यायलाच नको होता. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

त्याच्या काचेच्या पेट्यांची झाकणं सैल होती. हेझल आठ महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली. मी दिवसातून चारदा खाली जाऊन साप मोजायची. शेवटी रॅक बांधायचं ठरवलं. फळ्या दुकानातूनच मापात कापून आणल्या. टबांना झाकण नसतं, वरची फळी हेच झाकण, त्यामुळे फट किती ठेवायची यावरच सगळं अवलंबून. मी पत्त्यांची दोन पानं सरकतील एवढीच ठेवली. टबांच्या कडेने हवेसाठी सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने भोकं पाडली. मागच्या बाजूला प्रत्येक कप्प्याखाली खाच करून तापणारी पट्टी बसवली, तिन्ही पट्ट्या तापमान राखणाऱ्या एका थर्मोस्टॅटला जोडल्या, आणि त्याचा सेन्सर, म्हणजे वायरच्या टोकाचा तो मणी, एका भोकातून बिस्किटच्या टबात सोडला. दोन दिवस रिकामे टब तापवून पाहिले. नव्वद फॅरनहाइट, काटेकोर. फोटो काढून ड्वेनला पाठवला. तुझ्यात सुतार लपलाय, असं त्याने कळवलं.

जानेवारीत हेझलला ताप आला. तिला कडेवर घेऊन मी खाली गेले, एका हाताने बिस्किटचा टब पुढे ओढला, पाणी बदललं, टब आत ढकलला. त्या ओढण्यात वायर भोकातून निघाली आणि मागे लोंबकळत राहिली. मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यातूनच थर्मोस्टॅटवरचा आकडा बघितला, एकसष्ट. तळघर गारठलंय असं वाटलं, म्हणून मी खाली उतरून तापमान आणखी वाढवलं. टब ओढून पाहिला नाही. हेझल रडत होती.

मणी तळघराची थंडी मोजत होता आणि पट्ट्या पेटल्यासारख्या तापत होत्या.

नारिंगी साप टबाच्या पुढच्या टोकाला सरकून वाचले. बिस्किट सरकली नाही. लपायला पालथं भांडं मी फक्त मागे, उबेच्या बाजूला ठेवलं होतं. पुढे तिला लपायला काही नव्हतं, आणि भित्रा अजगर उघड्यावर येण्यापेक्षा भाजून घेतो. हे मी पुढे वाचलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उचललं तेव्हा पोटाखालचे खवले तपकिरी झाले होते आणि माझ्या तळव्याला चिकटत होते. प्राण्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला कायमचं झोपवलं. तापमान किती होतं, एवढंच त्यांनी विचारलं.

रविवारी ड्वेनचा फोन आला. बिस्किट गेली, फुप्फुसांचा जुना आजार होता म्हणे, असं मी सांगितलं. हे वाक्य मी भांडी घासताना तयार करून ठेवलं होतं.

तो म्हणाला, "म्हणजे माझ्याकडे असतानाच लागला असणार."

मी म्हणाले, "हो. असेल."

"गेल्या हिवाळ्यात मी आठवडाभर पिऊन पडलो होतो, कोरा. हीटर बंद होता. तेव्हाच झालं असणार." मग हळूच, "तू खूप केलंस तिच्यासाठी."

मी त्याला तसंच समजू दिलं. त्याला धक्का नको, उपचार चालू आहेत, असं स्वतःला समजावलं. खरं कारण साधं होतं. गाडीत त्याला जे सुनावलं होतं, ते आता माझ्यावर उलटलं असतं.

तो मार्चमध्ये बाहेर आला आणि उरलेले साप न्यायला आलाच नाही. मी जीव सांभाळायच्या लायकीचा नाही, ते ऑर्विलला देऊन टाक, असा निरोप आला. ऑर्विल आला; आजाराचं ड्वेनने त्याला सांगितलं होतं. टब काढताना वायर अजूनही भोकातून आत गेलेली त्याने पाहिली, कारण ती मी पुन्हा तिथेच खोचली होती. बिस्किट कशी मेली ते त्याला कळलं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

"मी त्याला सांगणार नाही," तो म्हणाला. "ते तुझं काम आहे."

मला आणखी तीन आठवडे लागले. मग सगळं पत्रात ड्वेनला लिहिलं, मणी, भांडं, एकसष्ट. उत्तर आलं नाही; पत्र त्याने वाचलं की नाही, ठाऊक नाही. त्याच्या खोलीवर दोनदा गेले, आत रेडिओ चालू होता, माझा आवाज ऐकून बंद झाला. फोनही बंद. कामावर दहा दिवस आलेला नाही, असं तो आता काम करतो त्या टायरच्या दुकानातला माणूस सांगतो.

तो मॅरियन गावात, रेल्वे फाटकाजवळच्या त्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो. मागच्या बाजूने लाकडी जिना आहे. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला असेल तर दार वाजवा. मी पाठवलं असं सांगू नका, नाहीतर उघडणार नाही. बिस्किट बहिणीच्या हातून मेली, त्याच्या नव्हे, एवढं दारातूनच सांगा. आणि उघडलं, तर जेवला आहे का तेवढं बघा.